पटावरची तिसरी

मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून ‘खुनी शोधा’चा पट आमच्या घरात आम्ही दोघंच मांडायचो. त्याच खेळावर विनोदी सिनेमा निघाला आणि चिरंजीव तो बघायला गेले ‘तिच्या’बरोबर! “आई, तूही चल ना,” म्हणाला खरा, पण बुटाची नाडी बांधता बांधता.

“असले सिनेमे मला नाही आवडत,” मी म्हटलं.

रविवारी ती घरी आली आणि खुशाल माझ्या खुर्चीत बसून माझ्या पटावर सोंगट्या लावायला लागली. वर म्हणते, “काकू, सिनेमा बघायला हवा होता तुम्ही! खुनी कोण, ते आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही हं!”

माझा तिळपापड झाला.

“बघितला की! शेजारीणबाईंबरोबर, स्टेशनजवळच्या थिएटरात,” मी ठसक्यात म्हटलं. “खून माळ्याने केलाय, हे मी मध्यंतरातच ओळखलं होतं.”

ती सोंगट्या लावत राहिली. मुलगा पाणी आणायला आत गेला, तशी माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली,


“काकू, या सिनेमाचे दोन शेवट आहेत. स्टेशनजवळच्या थिएटरात खुनी स्वयंपाकी निघतो. माळी निघाला, तो फक्त आमच्या थिएटरात.”