शेजारची खुर्ची

"आधी पाणी पी बघू. घाबरायचं काय त्यात?" देवदत्त म्हणाले. "शनिवारचं कीर्तन, मागच्या दोन खुर्च्या, आपण दोघं. एवढंच सांगायचंय तुला."

अंधेरीच्या त्या ऑफिसात, चौकशी समितीच्या बंद दारासमोर बसून मृणालिनीने बाटली तोंडाला लावली.

"दुसरं कुणी नाही का हो सांगायला?"

"मागे अंधारात कोण कुणाला बघतंय? आणि फोनवर 'ते घरी नाहीत' एवढंसुद्धा जिच्या तोंडून कधी निघालं नाही, तिच्या शब्दावर कोण शंका घेणार?"

तेही खरंच होतं. ज्या जिभेवर हरिनाम, तिच्यावर खोटं ठेवायचं नाही, हा दंडक तिने लहानपणीच स्वतःला घालून घेतला होता.

तक्रार गार्गीची होती. देवदत्तांच्याच हाताखालची पोर. संक्रांतीला मुलुंडच्या घरी हळदीकुंकवाला आली, तेव्हा "काकू, अजून एक लाडू" म्हणून लाडात आली होती. त्या शनिवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर सरांनी जवळ ओढलं. सुटताना माझी नखं त्यांच्या मनगटाला लागली, असं तिचं म्हणणं. ते सांगायचा धीर होईपर्यंत दोन महिने गेले होते. आज ती खोटी ठरली, तर या ऑफिसात पुन्हा तोंड दाखवू शकणार नव्हती. आणि खरी ठरली, तर देवदत्तांची नोकरी गेलीच.

ओरखडा मृणालिनीला आठवत होता. "शटरचा पत्रा लागला गं," ते म्हणाले होते. हळद तिनेच लावली होती.

आत बोलावणं आलं. दार मागे बंद झालं.

"सावकाश सांगा, ताई," समितीच्या अध्यक्ष नमिता मॅडम म्हणाल्या. "त्या शनिवारी साहेब तुमच्याबरोबर होते?"

त्या संध्याकाळी बुवांनी द्रौपदीचं आख्यान लावलं होतं. भरसभेत थोरामोठ्यांनी माना खाली घातल्या, तिथे आल्यावर बुवांचा गळा दाटून आला होता. मृणालिनीने पदर डोळ्यांना लावला होता.

"कीर्तनाला मी गेले होते," ती म्हणाली.

"आणि तुमच्या शेजारची खुर्ची?"

तिने तळहात साडीला पुसले.

"रिकामी होती."

नमिता मॅडमनी पाण्याचा ग्लास हळूच तिच्यापुढे सरकवला. "नवऱ्याविरुद्ध खरं बोलायला छाती लागते, ताई."

मृणालिनीने डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात विठ्ठलाची क्षमा मागितली. त्या शनिवारी शेजारच्या खुर्चीवर बसून देवदत्त अभंगाच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होते, आणि आदल्या रात्री, शुक्रवारी, ते ऑफिसातून उशिरा आल्यावर तिने लावलेली हळद त्यांच्या मनगटावर पिवळीधमक दिसत होती.