डाव्या हाताचं श्री

"डाव्या हातानं लिवलं तर पुसतंय का ह्याच्यावर?"

गुरप्पांनी पुन्हा तेच विचारलं. काउंटरवर दोन टॅब मांडलेले होते, एक लहान आणि एक वहीएवढा, पेनवाला. नव्या पेठेतल्या त्या दुकानात दुपारच्या उन्हात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्यामुळे दुकानदार मल्लेश प्रत्येक प्रश्नाला जीव ओतून उत्तर देत होता.

"मामा, काच हाय ही. शाईच न्हाय तर पुसंल काय? पीडीएफ उघडा, रेघा मारा, बाजूला लिवा. हात कसाबी टेकवा की."

त्यांची मुलगी सिद्धेश्वरी रेघा मारत होतीच. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला सगळे सर नोट्स ग्रुपवर टाकून मोकळे होतात. मोबाईलच्या टिचभर पडद्यावर हाडांची नावं वाचून तिचं डोकं उठायचं. इथं तिनं एक ओळ पिवळी केली, समासात दोन शब्द लिहिले, खोडले, परत लिहिले. मजा वाटली तिला. फक्त तिच्यासाठी म्हणून काही घ्यायला अप्पा वळसंगहून सोलापूरला आले, असं फार दिवसांनी घडत होतं.

"हा मोठा बरा वाटतो, अप्पा."

"डाव्या हाताला जमतोय का बग आदी."

मल्लेशनं तिच्या हाताकडे पाहिलं. पेन उजव्या हातात होतं. "ताई डावऱ्या हायत व्हय?"

"न्हाय," ती म्हणाली.

"व्हय," गुरप्पा म्हणाले.

दोन्ही उत्तरं एकदमच आली. मल्लेश बिचारा, हसावं की गप्प बसावं अशा तोंडानं दोघांकडे बघत राहिला.

डावरा होता तो शिवू, सिद्धेश्वरीचा थोरला भाऊ. लिहिताना त्याचा पंजा ओल्या शाईवरून घासत जायचा आणि करंगळीखालची कड कायम निळी असायची. पाटीवर पहिलं श्री गिरवताना गुरप्पांनी त्याचा डावा हात टॉवेलनं पाठीमागं बांधला होता. टॉवेल सोडला की पोरगं पुन्हा डावंच. गेल्या उन्हाळ्यात कॉलेजचा पेपर देऊन येताना अक्कलकोट रोडवर त्याची गाडी ट्रकखाली गेली. दवाखान्यात पांढऱ्या कापडाबाहेर तेवढा एक हात राहिला होता. त्याच्या कडेची शाई अजून ताजी होती. गुरप्पा ती पुसत बसले होते आणि ती निघत नव्हती.

सिद्धेश्वरीला हे सगळं ठाऊक होतं. तरीही तिला राग आला. अभ्यास तिचा, डोकेदुखी तिची, आणि घेणं मात्र त्याचं. घरात जेवायला बसतानासुद्धा सगळ्यांच्या डावीकडची कडेची जागा अजून त्याचीच होती.

"अप्पा, मी उजव्या हातानं लिहिते."

"ठाव हाय की मला." गुरप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. "एकडाव डाव्यानं काडून दाव. श्री तेवढं. मग न्हाय विचारायचो."

विषय संपावा म्हणून तिनं पेन डाव्या हातात घेतलं. त्या हातानं तिनं जन्मात एक अक्षर काढलं नव्हतं. हात आपला आपणच पानाच्या उजव्या अंगाला सरकला. आधी वेलांटी खाली ओढली. मग मागं येऊन श्र काढला.

शिवू तसंच काढायचा, शेवटून सुरू. "ह्याचं अक्षर उलट्या पायाचं हाय," म्हणून आई त्याला चिडवायची. सिद्धेश्वरीनं पेन उचललं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गुरप्पांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी तिचा डावा हात धरला, उपडा केला, करंगळीखालची कड उजेडाला धरून पाहिली. कड स्वच्छ होती. तरी त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलचं टोक घेतलं आणि ती सावकाश पुसली, पुसतच राहिले. तिनं हात ओढून घेतला नाही. राग कुठल्या कुठे गेला होता.

"होय्तु," ते कानडीत पुटपुटले. "गेलं बग, निगालं."

मग टॉवेल परत खांद्यावर टाकून ते मल्लेशला म्हणाले, "हेच द्या."

मल्लेशनं नवा खोका फोडला. टॅब चालू केला, भाषा निवडली, पुढं जाता जाता थांबला. "ह्यो हात विचारायलाय, मामा. डावा ठेवू का उजवा?"

सिद्धेश्वरीनं वडिलांकडे पाहिलं. आता डावा म्हणाले असते तरी तिनं चालवून घेतलं असतं.

"उजवा," गुरप्पा म्हणाले. "तिचं हाय ते."

तिला हलकं वाटलं. इतके महिने कुणी हे म्हणायची ती वाट बघत होती. मल्लेशनं कोरं पान उघडून टॅब तिच्यापुढं सरकवला. "करा सुरुवात, ताई."

तिनं डावा हात पाठीमागं नेला आणि तिथंच घट्ट धरून ठेवला. उजव्या हातात पेन घेतलं. नव्या पानावर वरती, मधोमध, श्री काढायला टेकवलं.

आधी वेलांटी निघाली.