चाळीस मिनिटांची कॅसेट

"चाळीस मिनिटांच्या कॅसेटला आठ दिवस?" बायकोने उशीवरूनच विचारलं. "अहो, तेवढ्यात त्या दुकानदाराने नवा सिनेमा काढला असता."

"अगं, तसं नसतं ते." त्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली. "कॅसेट आधी कॉम्प्युटरवर घ्यावी लागते. चाळीस मिनिटांची टेप चाळीस मिनिटंच घेणार, पळवता येत नाही. मग कॉम्प्युटर एकेक चित्र डीव्हीडीला चालेल असं करत बसतो. एका सेकंदात पंचवीस चित्रं, बघ म्हणजे. शेवटी चकतीवर उतरवायचं, तेही सावकाश. घाई केली की शेवटाला येऊन अडकतं आणि चकती वाया जाते."

"बरेच शिकलात की."

"रोज जातो ना दुकानात."

यातलं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. फक्त हे सगळं पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उरकलं होतं.

कॅसेट सापडली ती बायकोसाठी घरी येणाऱ्या नर्समुळे. चादर शोधायला तिने कपाट उपसलं आणि तळाशी जुन्या कॅमेऱ्याची छोटी कॅसेट निघाली. ती हरवली, असं तो एकतीस वर्षं सांगत आला होता. फेकून द्यायला हात धजावला नव्हता, कारण त्यांचा मुलगा चालताबोलता फक्त तिच्यातच होता. सहा वर्षांचा. कॅसेट ज्या सहलीत भरली, त्याच सहलीत तो तळ्यात बुडाला.

डॉक्टरांनी बायकोकडे जेमतेम पंधरवडा उरल्याचं सांगितलं होतं. "एकदा त्याला बघते," बायको म्हणाली, "मग माझी काही तक्रार नाही." घरात ती कॅसेट चालवायला काही नव्हतं. म्हणून दुकान गाठावं लागलं.

दुकानदाराला सगळे सीडीवाला म्हणत. सीड्या कधीच बंद पडल्या, नाव तेवढं चिकटलं. पहिल्या दिवशी त्याने कॅसेट लावली आणि "बसा काका, तुम्हीपण बघा" म्हणून स्टूल पुढे केलं. तो बसला. पडद्यावर पोरगं धावत होतं, कॅमेऱ्याला जीभ दाखवत होतं. त्याला हसू आलं आणि डोळेही भरले.

मग बायकोचा आवाज आला, तरुण, घाईतला. "अहो, मी गाडीतून याचा स्वेटर घेऊन येते. लक्ष ठेवा हं याच्याकडे."

कॅमेऱ्यामागून त्याचा स्वतःचा आवाज आला. "हो हो, जा तू."

पोरगं "आई, लवकर ये" म्हणत पाण्याच्या कडेला गेलं. कॅमेरा बदकांकडे वळला. पुढची चार मिनिटं नुसती बदकं, मग टेप संपली.

त्या दिवशी तळ्याकाठी, जमलेल्या लोकांसमोर, तो बायकोवर ओरडला होता, "सांगून का नाही गेलीस?" घाबरून तोंडातून निघून गेलं. त्या धक्क्यात तिला काही आठवेना, तिने ते खरं मानलं. न सांगता गेले, माझ्यामुळे गेला माझा मुलगा, असं ती एकतीस वर्षं म्हणत आली. खरं सांगायचं त्याने कितीदा ठरवलं, पण ऐन वेळी शब्द फुटायचा नाही. भेकड माणूस, दुसरं काय!

"तेवढा आवाज घालवता येईल?" त्याने सीडीवाल्याला विचारलं होतं.

"येईल की. पण काका, तेवढ्याच तुकड्यात पोरगं आईला हाक मारतंय. तीही जाईल."

ती हाक पुसवेना आणि तशीच डीव्हीडी घरी नेववेना. "राहू दे. मी सांगेन तेव्हा द्या," तो म्हणाला. तेव्हापासून रोज चार वाजता दुकानात जायचं, स्टुलावर बसायचं आणि नवं कारण घेऊन घरी यायचं.

नवव्या दिवशी बायकोने कारण विचारलंच नाही. नर्सला बाहेर पाठवलं आणि त्याचा हात हातात घेतला.

"अहो, मला काही सांगायचंय का तुम्हाला?"

"काय सांगायचं?"

"काहीही. मी रागावणार नाही. रागवायला अंगात त्राण तरी कुठे आहे?"

आता सांगावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"आज टेप मध्येच अडकली," तो म्हणाला. "साफ करून पुन्हा पहिल्यापासून लावावी लागणार."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. होऊ दे सावकाश."

दहाव्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं. त्याने यंत्रात धूळ गेल्याचं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि जेवलात का म्हणून विचारलं.

अकराव्या दिवशी पहाटे ती गेली.

सगळं आटोपून तो दुकानात आला, तेव्हा सीडीवाल्याने स्टूल पुढे केलं. तो बसला नाही.

"ही गेली," तो म्हणाला. "पोराला बघायचं राहूनच गेलं तिचं." हे बोलतानाही आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची त्याला किळस आली.

सीडीवाल्याने कॅसेट आणि डीव्हीडी काउंटरवर ठेवली. बराच वेळ तो डबीवरची नसलेली धूळ पुसत बसला.

"काका, राहिलं नाही हो त्यांचं. त्या जायच्या दोन दिवस आधी सकाळी तुम्ही औषधं आणायला गेलात ना, तेव्हा पावतीवरच्या नंबरवर काकूंचा फोन आला. मला नाही म्हणवेना. लॅपटॉप नेऊन डीव्हीडी लावून दिली. सगळी बघितली त्यांनी, शेवट दोनदा. काकांना सांगतो म्हटलं, तर म्हणाल्या, नको, ते आपणहून सांगतील, मी थांबते तोवर."