गोड पूड

"दोन दळणांच्या मधे गिरणी धुतलीस ना?" सासऱ्यांनी फोनवर विचारलं.

"हो तर," सून म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पण धुतल्याचं तिला आठवेना.

गिरणी धुणं हे काही पाण्याचं काम नव्हे. लाल तिखट दळून झालं की दोन किलो जाडा तांदूळ दळायचा, ते गुलाबी पीठ फेकून द्यायचं आणि मगच वाळवलेली ढोबळी मिरची आत टाकायची. ढोबळीच्या पुडीला रंग भरपूर, तिखटपणा मात्र औषधालाही नाही. वेफर्सवाले ती नेतात, सॉसवाले नेतात, अंड्याचा बलक गडद व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यातही ती पडते. तिकडे कणभर तिखट गेलं असतं तर कोंबडी काही तक्रार घेऊन आली नसती. पण आजचं पहिलंच पाकीट रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात गेलं होतं, कर्करोगाच्या वॉर्डासाठी. तिथल्या माणसांची तोंडं औषधांनी आतून सोलून निघालेली असतात.

फेकायच्या पिठाची बादली रिकामी होती. म्हणजे एक तर गिरणी धुतलीच नव्हती, नाही तर धुऊन तिनेच बादली ओतून टाकली होती. जात्यापाशी उरलेली चिमूटभर पूड तिने जिभेवर ठेवली. सात वर्षं तिखटाच्या धुरळ्यात वावरलेली जीभ ती, तिला काय कळणार कप्पाळ! रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला फोन कुणी उचलेना. ती तशीच, एप्रन न सोडता, दोन गल्ल्या पळत गेली.

स्वयंपाकघरात ट्रॉलीवर सव्वीस वाडगे मांडलेले होते. स्वयंपाकीणबाईंच्या हातात पळी होती आणि पातेल्यातलं बटाट्याचं सूप छान लालसर झालं होतं.

"वाढू नका," सून धापा टाकत म्हणाली. "पुडीत तिखट गेलं असेल."

"असेल, की आहे?"

"तेच कळत नाहीये."

बाईंनी चमचाभर सूप तोंडात घोळवलं. "मला काही लागत नाही. पण माझं तोंड धडधाकट आहे. माझं काय घेऊन बसलात."

"मग ओतून टाका. आज पांढरंच द्या."

"पांढरं तसंच्या तसं परत येतं हो. लाल दिसलं की निदान चार चमचे जातात. पंधरा नंबरच्या आजींनी तीन दिवसांनी आज विचारलंय, जेवायला काय आहे म्हणून." बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेबाराला गोळ्या आहेत सगळ्यांना. उपाशीपोटी देता येत नाहीत. नवीन करायला वेळ कुठाय?"

सुनेला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, त्या "हो तर"ची. ती ओट्यापासून दारापर्यंत गेली, परत आली. एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. हात कोरडेच होते.

"मीठ घातलंय का यात?" तिने विचारलं.

"छे. त्यांना मीठसुद्धा झोंबतं."

"थोडं वाटीत काढून द्या. कोमट करून."

बाईंनी वाटीत सूप काढलं आणि दोन-तीनदा वरून खाली ओतून निववलं. सुनेने उजवा गाल आतून दातांत धरला आणि डोळे मिटून कचकन चावला.

"अहो, काय करताय हे," बाई म्हणाल्या.

तिने बोट आत घालून पाहिलं. बोटाला रक्त लागलं होतं. मग तिने चमचाभर सूप बरोबर त्या जागी धरलं आणि मान कलती करून उभी राहिली. बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. वॉर्डातली मदतनीस ट्रॉली न्यायला आली, तीही दारात थबकली.

सुनेने सूप गिळलं. डोळ्यांत पाणी होतं.

"झोंबलं?"

"चावल्याचंच दुखतंय. सूप नाही झोंबलं. बहुतेक."

"बहुतेक नको मला," बाई म्हणाल्या. "सव्वीस जण आहेत."

"तेच म्हणते मी."

साडेबाराला सात मिनिटं होती. मदतनीस ट्रॉलीचा दांडा धरून उभी राहिली. बाईंनी पळी पातेल्यात बुडवली आणि सुनेकडे पाहिलं.

"आणखी एक चमचा द्या," सून म्हणाली आणि तिने डावा गाल दातांत धरला.