जास्तीचं कापड

बाबांचे शिंपी मित्र, आमचे मास्तरकाका. केमो सुरू झाल्यापासून वाळत चालले होते. दर महिन्याला आपलेच शर्ट मशीनवर दोन्ही बाजूंनी आत घ्यायचे. पण जास्तीचं कापड कधी कापायचे नाहीत, आत दुमडून ठेवायचे. "बरा झालो की नुसतं उसवायचं," म्हणायचे. दवाखान्याच्या खेपांनी आम्हीच मेटाकुटीला आलो, की आई म्हणायची, "मास्तरांकडे बघा जरा!"

आज पुन्हा त्यांना न्यायला गेलो. निळा शर्ट कालच परत आत घेतलेला, अंगावर अगदी बेतून शिवल्यासारखा.

"दिसतोय ना नवरदेव?" त्यांनी विचारलं.

"एकदम!" म्हणत मी चपला त्यांच्या पायांशी सरकवायला वाकलो.


मशीनखाली निळ्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या कापून पडल्या होत्या.