त्यांचं दुकान

“तुमीच माझं तोंड बांधलं!” डोंगरीच्या रखमाबाईनं सरकारी कचेरीत साहेबांपुढे मोबाईल आपटला. विहिरीतल्या काळ्या पाण्याचा तिचा व्हिडिओ सकाळपासून ॲपवरून गायब होता.

साहेब हसले. “मावशी, आम्ही कुठे काढला? प्रायव्हेट कंपनीनं काढला. बघणाऱ्यांना त्रास होतो म्हणे. त्यांचं दुकान, त्यांची मर्जी. याला मुस्कटदाबी नाही म्हणत.”

“बरं. मंग कागदावर लिवून घ्या.”

“कागद बंद केले. तक्रार आता त्याच ॲपवर, आमच्या पेजवर टाकायची.”

रखमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “विहीर माझी, हापिस सरकारचं, आनि मी बोलायचं का न्हाय ते ठरवनार तो दुकानदार? मंग या खुर्चीत तू कोनाचा नोकर म्हनून बसलायस? बोल!”