चोवीस लड्या

सासूबाईंनी तारेवरून सुताची लडी उचलली, दाराच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अंजिरी."

सुनेनं जाड पेनानं ठसठशीत अक्षरांत चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं. सासूबाईंनी चिठ्ठी लडीला बांधली आणि लडी पेटीत निजवली. नमुन्याच्या चोवीस लड्या, चोवीस चिठ्ठ्या. माल दूरदेशी जायचा, म्हणून यंदा पहिल्यांदाच नावं इंग्रजीत हवी होती. संध्याकाळी गाडी येणार होती. नमुना पसंत पडला तर वर्षभर रंगाचे हौद थंड पडायचे नव्हते. एका जरी लडीला भलतं नाव लागलं, तर पेटी आल्या पावली परत.

रंगाच्या खोलीत वाफ अजून छताशी रेंगाळत होती. तिच्यात लड्या अधांतरी लटकत होत्या, जणू कुणी उजेडच पिळून वाळत घातलाय.

सून इंग्रजीच्या शिकवणीला जायची. लिहिता लिहिता ती कालचा धडा सांगत होती. वस्तूच्या आधी रंग येतो, रंगाच्या आधी वय, वयाच्या आधी आकार. लहान, जुनी, निळी पेटी. हा क्रम मोडला की तिकडच्या माणसांच्या कानाला खटकतं. आणि खरी गंमत म्हणजे रंग कुणासाठी बदलत नाही. आपल्यात पडदा निळा, खिडकी निळी, दार निळं. तिकडे बाई असो, बुवा असो, एक असो की शंभर, शब्द आपला तोच.

"बरंय बाई त्याचं," सासूबाई म्हणाल्या. "कुणाच्या घरी गेला तरी वाकायला नको. तुझ्यासारखाच."

सून हसली. सासूबाईंनी पुढची लडी उजेडात धरली.

"हिरवी."

त्या खोलीची रीत अशी, की सांगणाऱ्यानं बघायचं आणि लिहिणाऱ्यानं नुसतं ऐकायचं. पण हसता हसता सुनेची मान वर झाली होती. लडी निळी होती. चांगली गर्द निळी.

तिला वाटलं, वाफेनं फसवलं. तिनं हळूच पेटीत पाहिलं. तपकिरीची चिठ्ठी एका जांभळ्या लडीच्या गळ्यात होती.

काल वाऱ्यानं तार तुटली होती. लड्या गोळा करून सुनेनंच त्या हाती येतील तशा टांगल्या होत्या. एरवी तारेवरचा क्रम सासूबाई स्वतः लावायच्या. म्हणजे इतके दिवस त्या रंग बघत नव्हत्या, जागा मोजत होत्या.

चाळीस वर्षं त्यांनी याच डोळ्यांवर नाव कमावलं होतं. ज्या दिवशी रंग चुकेल त्या दिवशी हात धुवून मोकळी होईन, असं त्या चारचौघांत सांगायच्या, आणि शब्दाला पक्क्या होत्या. खरं सांगावं तर हौद आजच थंड. न सांगावं तर पेटी परत येऊन थंड.

सासूबाईंना इंग्रजी कुठं वाचता येत होतं? सुनेनं मुकाट्यानं चिठ्ठीवर इंग्रजीत 'ब्लू' लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "हिरवी."

सासूबाईंनी चिठ्ठी घेतली, पण बांधली नाही. नाकाला टेकेल इतकी डोळ्यांपाशी नेली. चाळीस वर्षं त्या रंगाचे डबे उघडत आल्या होत्या. डब्यांवरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नसत. पण लांबून येणारं माणूस चालीवरून ओळखावं, तशी त्या ती आकारावरून ओळखत.

"हे पहिलं, दोन पोटांचं अक्षर," त्या म्हणाल्या, "निळ्या डब्यावर असतं."

सुनेनं पेन खाली ठेवलं.

"केव्हा कळलं तुला?"

"आत्ताच, आई."

"मला दोन वर्षं झाली."

सुनेनं डॉक्टरांचा विषय काढला. जाऊ गं, जाऊ, सासूबाई म्हणाल्या, आणि नळाकडे वळल्या. हात धुवून मोकळी होईन, हे त्यांचं बोलणं सुनेला आठवलं. त्या नळापाशी थांबल्या. निळ्या-लाल डागांनी भरलेले आपले हात त्यांनी एकदा उलटसुलट केले. मग तशाच मागे फिरल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या, आणि लिहिणाऱ्याच्या स्टुलावर स्वतः बसल्या. "आता तू बघ."

सुनेनं पेटीतली जांभळी लडी काढली, तिची चिठ्ठी सोडली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"कोणती?"

"जांभळी."

"ते कागदावर लिहायला झालं. मला सांग, कशी आहे."

सून बघत राहिली. आकार, वय, रंग, वस्तू. धड्यातलं काहीच हाताशी येईना. लडी वाऱ्यानं थोडी हलली, आणि हलताना तिचा रंगही हलला.

"दिवा लावायच्या आधी खोलीच्या कोपऱ्यात जो साठतो ना, तो," ती हळू म्हणाली. "पण अगदी आतल्या कोपऱ्यातला नाही, आई. खिडकीजवळचा. जिथून ऊन अजून पुरतं उठलेलं नसतं."

सासूबाईंनी डोळे मिटले. मांडीवर त्यांची बोटं हलत होती, हौदातलं पाणी ढवळावं तशी.

"लाल चिमूटभर जास्त पडलाय," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला कमी घालू."